पिंजऱ्यातली प्रत्येक वस्तू दाताखालून जाणार आहे

आदरणीय ताई, स. न. वि. वि.

आमच्या अकरा वर्षांच्या लेकीने वर्षभर हट्ट धरला आणि अखेर गेल्या महिन्यात आम्ही शिकागोजवळच्या एका प्राणी-आश्रयगृहातून दोन वर्षांचा चिंचिला (अँडीज पर्वतातला दाट केसांचा, कुरतडणारा लहान प्राणी) घरी आणला. त्याचे नाव चिकू. त्याच्याबरोबर दुकानातून ‘सुरुवातीचा संच’ म्हणून मिळणारा पिंजराही घेतला. त्यात प्लॅस्टिकचे दोन मजले, जाळीचा तळ, आठ इंचांचे चाक, पारदर्शक प्लॅस्टिकचा फिरता चेंडू, कापडी झोळी, सीडर लाकडाचा सुगंधी भुसा, आंघोळीच्या वाळूची पिशवी, मिठाचा खडा आणि सुकामेवा घातलेले रंगीत खाणे असे सगळे होते. आठ दिवसांत चिकूने एका मजल्याचे दोन कोपरे खाऊन टाकले. माझी आई सध्या सांगलीहून आली आहे. ती त्याला रोज एक बेदाणा देते आणि वाळूऐवजी अंगाला लावायची पावडर वापरून पाहा म्हणते. घरात एकाला दम्याचा थोडा त्रास आहे. आता जुलै तोंडावर आला आहे. यातले काय ठेवावे, काय परत करावे, काय नव्याने घ्यावे? आणि तो एकटा आहे, तर त्याला आरसा लावावा का?

— एक वाचक, नेपरव्हिल, इलिनॉय

सप्रेम नमस्कार.

तुमच्या यादीतल्या बहुतेक वस्तू पिंजऱ्याबाहेर काढाव्या लागतील, हे आधीच सांगते. यात तुमची चूक नाही. हे संच विकत घेणाऱ्याच्या डोळ्यांना बरे दिसावेत म्हणून बांधलेले असतात आणि एकाच पेटीवर सशापासून हॅमस्टरपर्यंत चार प्राण्यांची चित्रे छापलेली असतात. चौदा वर्षांपूर्वी मी पहिला चिंचिला आणला तेव्हा असाच एक संच हौसेने उचलला होता आणि दोन महिन्यांत त्यातला पाण्याच्या बाटलीचा कंस तेवढा शिल्लक राहिला होता. तुम्ही पहिल्याच महिन्यात विचारले, त्यामुळे पावत्यांची मुदत अजून उलटलेली नसेल.

खरेदीला जाताना एकच गोष्ट मनाशी धरा. पिंजऱ्यात तुम्ही जे जे ठेवाल ते चिकू आज ना उद्या कुरतडणार आहे आणि त्यातला काही भाग पोटात जाणार आहे. चिंचिलाला वीस दात असतात आणि समोरचे पटाशीचे काय, मागच्या दाढा काय, सगळेच आयुष्यभर वाढत राहतात. पटाशीचे दात पिवळे-नारिंगी दिसतात, तेच निरोगी समजायचे, घासून पांढरे करायला जाऊ नये. वाढणारे दात झिजवण्यासाठी तो दिवसरात्र काहीतरी चावत असतो, हा त्याचा खोडकरपणा नव्हे. त्यातच त्याला उलटी करता येत नाही. प्लॅस्टिकचा कपचा गिळला गेला तर तो आतड्यातून पुढे सरकला पाहिजे, नाहीतर तिथेच अडकून बसणार. म्हणून दुकानात कोणतीही वस्तू हातात घेतली की ती छान दिसते का हे बघू नका. ती ताटात वाढली तर चालेल का, असे स्वतःला विचारा. या प्रश्नाला टिकतात त्या वस्तू म्हणजे साधे लाकूड, सुके गवत, धातू, काच, चिनीमाती आणि दगड.

तेव्हा सर्वांत आधी त्या खाल्लेल्या दोन कोपऱ्यांचा हिशेब लावा. तळाचा भुसा चाळून कपचे सापडतात का पाहा. सापडले तर उत्तमच. नाही सापडले तर पुढचे काही दिवस लेंड्यांवर लक्ष ठेवा. निरोगी चिंचिलाच्या लेंड्या कोरड्या, लांबट, फुगलेल्या तांदळाच्या दाण्यासारख्या असतात आणि संख्येने इतक्या असतात की तुमच्या आईंनी केरसुणी हातात घेतली असेलच. त्या अचानक बारीक झाल्या, कमी झाल्या किंवा चिकूने अर्धा दिवस गवताला तोंड लावले नाही, तर सकाळची वाट न बघता, ससे-चिंचिलांसारखे प्राणी तपासणाऱ्या पशुवैद्याकडे न्या. कुत्र्या-मांजरांच्या प्रत्येक दवाखान्यात असा डॉक्टर असतोच असे नाही, म्हणून त्याचा पत्ता आणि रात्रीचा क्रमांक आजच काढून पिंजऱ्याजवळ लावून ठेवा.

आता पिंजरा. जाळीचा तळ साफसफाईला सोपा म्हणून देतात, पण चिंचिलाच्या तळपायांना लव नसते, कातडी उघडी असते, आणि सतत तारेवर उभे राहून टाचांना घट्टे पडतात, मग जखमा होतात. शिवाय उडी मारून उतरताना मागचा पाय जाळीत अडकला तर हाड मोडते, आणि त्याची हाडे काडीसारखी बारीक असतात. जाळी काढता येत असेल तर काढा. खाली धातूचा ट्रे टाका. पिंजराच बदलायची तयारी असेल तर साधारण तीन फूट रुंद, दोन फूट खोल आणि चार-पाच फूट उंच घ्या. अमेरिकेत पाळणारे बरेच जण ‘क्रिटर नेशन’चा दुमजली पिंजरा घेतात. त्याचे दोन्ही दरवाजे सताड उघडतात आणि गजांमधले अंतर अर्धा इंच असते, त्यामुळे सफाई सोपी पडते आणि पिल्लूसुद्धा निसटत नाही. मोठ्या प्राण्याला एक इंच अंतरही चालते. ‘क्रिटर नेशन’बरोबर येणारे तळाचे ट्रे मात्र प्लॅस्टिकचे असतात, ते धातूच्या ट्रेने बदलावे लागतात, हा खर्च आधीच धरून ठेवा. गजांवर साधा जस्ताचा मुलामा असेल तर कुरतडताना जस्त पोटात जाते, म्हणून भट्टीत भाजून बसवलेला पावडर-कोटिंगचा पिंजरा बरा.

मजल्यांसाठी दुकानात तयार काही शोधू नका. शनिवारी सकाळी लेकीला घेऊन लाकूडसामानाच्या दुकानात जा आणि साधी पाइनची फळी आणा. ‘एक बाय सहा’ म्हणून विकतात ती फळी प्रत्यक्षात पाऊण इंच जाड आणि साडेपाच इंच रुंद भरते, आणि चिंचिलाला बसायला एवढी रुंदी पुरते. फळीवर ‘के.डी.’ अशी अक्षरे असलेला शिक्का असेल तर ती भट्टीत वाळवलेली आहे असे समजायचे. हे महत्त्वाचे आहे, कारण पाइनच्या ओल्या लाकडातली उग्र वासाची तेले भट्टीत उडून जातात. हिरवट झाक असलेली, वाळवी लागू नये म्हणून रसायन मुरवलेली फळी चुकूनही घेऊ नका. प्लायवुड आणि भुशाचे दाबलेले तक्तेही नकोत, त्यांत लाकडापेक्षा डिंकाची भीती जास्त. रंग नाही, पॉलिश नाही, वार्निश नाही. दुकानातच बारा-चौदा इंचांचे तुकडे करून घ्या, कडा पॉलिश पेपरने घासा, आणि एका टोकाला लाकडात शिरणारे व दुसऱ्या टोकाला नटाचे आटे असलेले हँगर बोल्ट घेऊन, बाहेरच्या बाजूने रुंद वॉशर आणि विंग नट लावून फळी गजांवर आवळून टाका. अर्ध्या तासाचे काम आहे आणि अकरा वर्षांच्या मुलीला ते उत्तम जमते.

फळ्या कशा लावता याला फळ्यांइतकेच महत्त्व आहे. चिंचिला चार-पाच फूट उडी सहज मारतो, त्यामुळे आपल्याला वाटते की उंच मोकळी जागा द्यावी. पण उडी मारणे वेगळे आणि रात्री दचकून पडणे वेगळे. जिन्याच्या पायऱ्यांसारख्या डावी-उजवीकडे फळ्या लावा, आणि कुठूनही पडला तरी फूट-दीड फुटात खालची फळी झेलेल असे पाहा. चार-सहा महिन्यांत या फळ्यांच्या कडा कातणीने कापलेल्या करंजीसारख्या नागमोडी होतील. माझ्याकडची एक फळी तर मधोमध इतकी खाल्ली गेली की एके दिवशी तिचे दोन तुकडे दोन बोल्टांना लोंबकळत राहिले होते आणि आमचा बोका त्यातल्या एकावर बसून उरलेले खात होता. (बोका म्हणजे माझा पहिला चिंचिला. तेव्हा नावे ठेवण्याचे काम मुलाकडे होते.) फळी खाल्ली गेली म्हणजे पैसे वाया गेले असे समजू नका. ती खाण्यासाठीच लावलेली आहे.

आठ इंचांचे चाक हे हॅमस्टरचे चाक आहे. चिकू त्यात धावताना बाजूने पाहा, त्याची पाठ धनुष्यासारखी मागे वाकलेली दिसेल. चिंचिलाला निदान पंधरा इंच व्यासाचे चाक लागते. त्याचा धावण्याचा पृष्ठभाग सलग धातूचा हवा, पायऱ्यांसारख्या दांड्या किंवा जाळी नको, आणि फिरत्या भागाला आडवे जाणारे आरे नकोत, कारण त्यांच्यामध्ये पाय किंवा शेपूट सापडते. अशी चाके महाग पडतात, तरीही प्लॅस्टिकचे स्वस्त चाक घेऊन वर्षात तीनदा बदलण्यापेक्षा दोन महिने थांबून एकदाच धातूचे घ्यावे. तोपर्यंत संध्याकाळी तासभर एखाद्या बंद खोलीत, विजेच्या वायरी उचलून ठेवून, त्याला मोकळे सोडले तरी चालेल.

तो पारदर्शक चेंडू मात्र आजच परत करा. त्यात हवा खेळत नाही, जनावर स्वतःच्या शरीराच्या उष्णतेने आतल्या आत शिजते, बाहेर पडण्याची वाट त्याच्या हातात नसते आणि झरोक्यांत बोटे अडकतात. खूप लोकांना तो गमतीचा वाटतो. मला तो पाहवत नाही.

कापडी झोळीबद्दल मी थोडी मवाळ आहे. फ्लीसचे कापड कापले तरी त्याचे लांब दोरे सुटत नाहीत, त्यामुळे फ्लीसची, शिवण आत दुमडलेली झोळी चालते. सुती कापड, टॉवेल, लोकर यांचे दोरे पोटात गुंततात आणि बोटाला गुंडाळून रक्तप्रवाहही थांबवू शकतात. तुमची झोळी कोणत्या कापडाची आहे ते पाहा. फ्लीसची असली तरी चिकूने तिला भोके पाडायला सुरुवात केली की ती काढून घ्यायची. लपण्यासाठी झोळीपेक्षा लाकडी खोके बरे. दिवसा झोपायला त्याला काळोखी, तीन बाजूंनी बंद जागा लागतेच, कारण त्याच्या पूर्वजांनी खडकांच्या कपारींतच दिवस काढलेले आहेत. खोके खिळे न दिसणारे आणि रंग न दिलेले असावे, एवढेच.

सीडरचा भुसा परत करा, पिशवी फोडली असेल तर बागेत टाका, पण पिंजऱ्यात नको. आपल्याला चंदनाच्या पेटीसारखा वाटणारा तो वास लाकडातल्या ज्या द्रव्यांचा असतो, ती द्रव्ये लहान प्राण्याच्या श्वासनलिकेला आणि यकृताला त्रास देतात. त्याऐवजी भट्टीत वाळवलेल्या पाइनचे किंवा ॲस्पेनचे रंध्याचे छिलके घ्या. बारीक भुसा नको, तो नाकात जातो, आणि घरात दमा असताना तर नकोच. ट्रेवर फ्लीसची गादी पसरून एका कोपऱ्यात छिलक्यांचे पसरट भांडे ठेवले तर बहुतेक चिंचिला लघवीसाठी तोच कोपरा धरतात. लेंड्यांच्या बाबतीत मात्र कसलीही शिस्त लागत नाही.

आता आंघोळ. चिंचिलाच्या कातडीच्या एकेका छिद्रातून साठच्या आसपास केस निघतात, त्यामुळे त्याच्या अंगावर हात ठेवला तर केसांवर ठेवल्यासारखे न वाटता धुरावर ठेवल्यासारखे वाटते. इतक्या दाट केसांत पाणी शिरले तर ते लवकर सुकत नाही, अंग गार पडते आणि बुरशी धरते. म्हणून पाण्याने आंघोळ कधीच नाही. अँडीज पर्वताच्या कोरड्या उतारांवर हा प्राणी बारीक मातीत लोळतो आणि ती माती केसांतले तेल व ओल शोषून घेते. घरातही तेच साधायचे, आणि इथेच तुमच्या वाळूच्या पिशवीची अडचण आहे. वाळूचे कण जाड असतात. ते केसांच्या मुळाशी पोहोचत नाहीत, उलट केस कापतात आणि डोळ्यांना टोचतात. चिंचिलाची जी खरी धूळ असते ती ज्वालामुखीच्या राखेच्या दगडाची किंवा सेपिओलाइट नावाच्या मातीची असते. दुकानात पिशवी चिमटीत दाबून पाहा. रांगोळीसारखी खरखर जाणवली तर ती वाळू आहे. देवळातल्या अंगाऱ्यासारखी बोटांच्या रेषांत बसली तर ती धूळ आहे. (आणि हे ऐकून कोणी खरोखरच रांगोळी वापरू नये. ती दगडाचा भरड चुरा असते आणि रंगीत असेल तर रंग वेगळाच.) तुमच्या आईंनी सुचवलेली अंगाची पावडरही नको. ती टाल्कची असेल तर फुप्फुसात जाऊन बसते, आणि तिचा सुवास चिकूला मुळीच सुखाचा नाही.

आंघोळीच्या भांड्यावर खर्च करू नका. जाड काचेची रुंद तोंडाची बरणी किंवा खोल, जड चिनीमातीचा वाडगा घ्या, त्यात इंच-दीड इंच धूळ घाला आणि आठवड्यातून दोन-तीनदा संध्याकाळी दहा-पंधरा मिनिटे आत ठेवा. तो पहिल्यांदा मिशा बुडवून हुंगेल, मग एका क्षणात कुशीवर पडून भोवऱ्यासारखा फिरेल, आणि खोलीत धुक्याचा एक ढग उठेल. दम्याचा त्रास असणाऱ्याने तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत बसावे, आणि पिंजरा असलेल्या खोलीत हवा गाळणारे यंत्र ठेवले तर फारच बरे. वेळ झाली की भांडे बाहेर काढायचे. ते दिवसभर आत राहिले तर तो त्यात लघवी करतो, आणि सतत लोळल्याने कातडी कोरडी पडते, डोळे लाल होतात. धूळ प्रत्येक वेळी नवी लागत नाही. जुन्या पिठाच्या चाळणीने लेंड्या गाळून घ्या आणि धूळ कळकट किंवा ओलसर वाटू लागली की टाकून द्या. ती चाळणी पुन्हा स्वयंपाकघरात जाणार नाही एवढी काळजी घ्या. ऑगस्टच्या दमट दिवसांत आठवड्याला एक-दोन आंघोळी वाढवा.

जुलैचा उल्लेख तुम्ही पत्रात ओझरता केला आहे, पण माझ्या लेखी तुमच्या सगळ्या पत्रात तोच सर्वांत मोठा प्रश्न आहे. चिंचिलाला घाम येत नाही आणि अंगावर ते दाट केस. 1923 साली मॅथायस चॅपमन या अमेरिकन खाण-अभियंत्याने चिलीहून अकरा चिंचिला कॅलिफोर्नियात आणले आणि अमेरिकेतल्या पाळीव चिंचिलांची वंशावळ मुख्यतः त्यांच्यापर्यंत जाते. त्याने ते डोंगरावरून एकदम खाली आणले नाहीत, कितीतरी महिने टप्प्याटप्प्याने उतरवले, आणि जहाजावर त्यांच्याजवळ बर्फाच्या लाद्या ठेवल्या, असे सांगतात. तुम्हाला बर्फ नको, पण वातानुकूलन हवे, आणि ते हौस म्हणून नव्हे. साठ ते सत्तर अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण पंधरा ते एकवीस अंश सेल्सिअस, हे त्याच्या सुखाचे तापमान. पंच्याहत्तरच्या वर जाऊ देऊ नये. आणि ऐंशीच्या पुढे, तेही दमट हवेत, काही तासांत उष्माघाताने प्राणी दगावू शकतो. पाळणाऱ्यांमध्ये एक ठोकताळा आहे. फॅरनहाइटमधले तापमान आणि हवेतल्या आर्द्रतेची टक्केवारी यांची बेरीज दीडशेच्या खाली राहिली पाहिजे. बहात्तर आणि पंचावन्न म्हणजे एकशे सत्तावीस, ठीक. ऐंशी आणि पंच्याहत्तर म्हणजे एकशे पंचावन्न, धोका. त्यासाठी तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवणारे छोटे घड्याळासारखे यंत्र घ्या आणि ते चिकूच्या दातांपासून लांब, पण पिंजऱ्याच्याच उंचीवर लावा. भिंतीवरचा थर्मोस्टॅट दिवाणखान्यातला आकडा सांगतो, पिंजऱ्यातला नाही.

पंख्यावर विसंबू नका. पंखा आपला घाम वाळवतो म्हणून आपल्याला गार वाटते. घामच नसलेल्या जनावराला तो गरम हवाच परत परत देतो. पिंजऱ्यात ग्रॅनाइटची एक फरशी ठेवा. स्वयंपाकघराचे ओटे बनवणाऱ्यांकडे उरलेले तुकडे पडलेले असतात, मागितले तर बहुधा फुकट देतात. बारा इंचांचा चौकोन पुरतो, कडा घासून घ्या आणि दोन तुकडे आणा, म्हणजे एक फ्रिजमध्ये ठेवून आलटून पालटून देता येईल. फरशी खोलीला गार करत नाही, हे मात्र ध्यानात ठेवा. ती गार खोलीतली चैन आहे, गरम खोलीतला उपाय नव्हे. तुमच्याकडे उन्हाळी वादळात वीज जातेच. तळघर असेल तर ते घरातले सर्वांत थंड ठिकाण, म्हणून एक लहान, धातूचा, नेण्या-आणण्याचा पिंजरा खाली तयार ठेवा. कान लाल-गुलाबी तापलेले, अंग पसरून आडवा पडलेला, तोंड उघडे ठेवून श्वास घेतो आहे, असे दिसले तर थंड जागी हलवून लगेच डॉक्टरांना फोन करा. थंड पाण्यात बुडवू नका. पुणे-नाशिकहूनही मला अधूनमधून पत्रे येतात की चिंचिला पाळू का. एप्रिल-मेमध्ये रात्रंदिवस एसी आणि त्याला इन्व्हर्टरची जोड देता येणार नसेल तर पाळू नका, हेच उत्तर मी त्यांना देते.

खाण्यापिण्याच्या भांड्यांवर फार शब्द खर्ची घालत नाही. पाण्याची बाटली काचेची, बाहेरून टांगायची, नळी धातूची, आणि रोज सकाळी नळीच्या टोकाला बोट लावून गोळी फिरते की नाही ते पाहायचे. वाटी स्टीलची, गजांना अडकणारी. गवतासाठी धातूची खोलगट गव्हाण चालेल, पण तारेचे गोल चेंडू टाळा, त्यांत मान अडकते. गवत हेच त्याचे जेवण आहे. टिमथी किंवा ऑर्चर्ड गवत चोवीस तास समोर असले पाहिजे, कारण दाढा झिजतात त्या लाकडापेक्षा गवताने. लसूणघास (अल्फाल्फा) वाढत्या पिल्लांना आणि गाभण मादीला ठीक, दोन वर्षांच्या नराला तिच्यातले कॅल्शियम जास्त होते. साध्या एकसारख्या पेलेट (दाबून केलेल्या खाण्याच्या गोळ्या) रोज एक-दोन चमचे द्या. रंगीत दाणे आणि सुकामेवा घातलेले ते मिश्रण परत करा, कारण तो गोड तेवढे वेचून खातो आणि बाकीचे टाकतो. मिठाचा खडाही लागत नाही, चांगल्या पेलेटमधून मीठ मिळते.

राहता राहिला बेदाणा. सांगलीकडच्या माणसाला बेदाणा देऊ नका म्हणणे मला जड जाते, पण अर्धा किलोच्या प्राण्याच्या आतड्यातले जंतू गवत पचवायला बसलेले असतात, साखर आली की त्यांचा सगळा कारभार बिघडतो, पोट फुगते. रोज एक बेदाणा म्हणजे आपल्या हिशेबाने रोज मोठा वाडगाभर शिरा. आईंना त्याच्या तोंडात काहीतरी घालण्याचा आनंद हवा आहे, तो हिरावून घेऊ नका. त्यांच्या हाती सफरचंदाची काडी द्या. शेजारी कोणाच्या अंगणात औषध न फवारलेले सफरचंदाचे झाड असेल तर बोटाएवढ्या जाडीच्या फांद्या घासून धुवा, ओव्हनमध्ये मंद आचेवर पूर्ण वाळवा, थंड करा आणि बरणीत भरून ठेवा. तुती आणि विलो यांचीही चालतात. चेरी, आलुबुखार, जर्दाळू, पीच यांच्या मात्र नकोत, या झाडांच्या लाकडात सायनाइड तयार करणारी द्रव्ये असतात. लिंबू-संत्र्याच्या फांद्याही वगळा. चिकू काडी दोन हातांत धरून, बासरीसारखी फिरवत तिची साल सोलून खातो, ते पाहायला आजी रात्री नऊला खुर्ची ओढून बसतील, याची मला खात्री आहे.

आरसा लावू नका. काचेला तो डोके आपटतो, प्लॅस्टिकचा असेल तर खातो, आणि प्रतिबिंबाने एकटेपणा जात नाही. हे प्राणी कळपाने राहतात, त्यामुळे जोडीदाराचा विचार कधीतरी करावा लागेल, पण यंदा नको. नव्या प्राण्याला आधी काही आठवडे वेगळा पिंजरा, वेगळी हवा, मग जाळीतून ओळख, आणि जमले नाही तर कायमचे दोन पिंजरे, एवढी तयारी लागते. तूर्त पिंजरा घरातल्या अशा कोपऱ्यात ठेवा जिथे संध्याकाळी माणसे बसतात, उन्हाची खिडकी नाही आणि टीव्हीचा आवाज अंगावर येत नाही. लेकीच्या झोपायच्या खोलीत नको. रात्री दोनला धातूच्या चाकावर तो मैलभर धावेल आणि सकाळी शाळेची बस चुकेल.

पैसे एकदम घालता येत नसतील तर क्रम असा धरा: या आठवड्यात धातूचा ट्रे, पाइनच्या फळ्या आणि खरी धूळ, जुलैच्या आधी तापमानाचे यंत्र आणि फरशी, आणि चाक त्यानंतर. तुमच्या यादीत नसलेली एक वस्तू मात्र आजच काढा, ती बहुधा स्वयंपाकघरात आहेच. ग्रॅममध्ये मोजणारा काटा. दर रविवारी चिकूला एका वाडग्यात बसवून वजन वहीत लिहायचे काम लेकीकडे द्या. मोठ्या चिंचिलाचे वजन साधारण चारशे ते सहाशे ग्रॅम असते. नेमका आकडा किती यापेक्षा तो घसरतो आहे का हे महत्त्वाचे. दातांचे दुखणे बाहेरून दिसायच्या आधी काट्यावर दिसते, आणि दोन आठवड्यांत दहावा हिस्सा वजन उतरले तर लाळ गळण्याची वाट पाहायची नसते. ऑगस्टअखेर ती वही मला फोटो काढून पाठवा, आणि खाल्लेल्या पहिल्या फळीचाही फोटो सोबत जोडा.